मागल्या गल्लीची किल्ली

लक्ष्मीविहार वसाहत, नागपूर
१६ जून १९३५
जावक क्र. १

ती. यमुताईस कृष्णकांताचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या माथ्यावरचा जावक क्रमांक पाहून हसू नकोस. गेल्या रविवारी मला आमच्या वसाहतीच्या गृहमंडळीचा चिटणीस नेमलं. बावीस घरं, बावीस मतं, विरोधात एकही नाही. खरं म्हणजे दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण ते कार्यवृत्तात लिहायचं कारण नाही. अध्यक्ष भैयाजी वकील. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सभा फार सुरळीत चालते. कोणी काहीही बोललं की ते ‘मंजूर’ म्हणतात आणि पान लावायला घेतात.

सेक्रेटरिएटात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली वर पाठवल्या, ताई. आता पहिल्यांदा फाईल माझी आहे. आठ दिवसांत सोळा नियम केले. समोरच्या भिंतीवर गोवऱ्या थापायच्या नाहीत, मेंदीचं कुंपण कमरेच्या वर जाऊ द्यायचं नाही, बैलगाडी रस्त्यात सोडायची नाही. प्रत्येक सूचना घरोघर फिरते आणि खाली ‘पाहिले’ म्हणून सही होऊन परत येते. आमच्या पाठीमागच्या घरातल्या देवरावांनी तेवढी कुरकुर केली. काटोलकडचे संत्र्यांचे बागवान, माणूस दिलदार, आवाज मात्र शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाणारा. नियम नववा, आवारात जनावर नको. तर म्हणतात, “म्हैस जनावर थोडीच हाय जी? ते तं घरचीच हाय!” शेवटी म्हशीला अपवाद करावा लागला.

चारूचं म्हणशील तर ती मजेत आहे. महाल पेठेतलं भाड्याचं बिऱ्हाड सोडताना तिने घातलेली अट तुला ठाऊकच आहे. पुढच्या पाडव्यापर्यंत राहून पाहीन, नाही करमलं तर परत महालात, आणि त्यावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी कबूल झालो. घरमालक दत्तोपंतांनीसुद्धा माडीवरच्या आपल्या दोन खोल्या तोवर कोणाला द्यायच्या नाहीत असं ठरवलं आहे. पण ती वेळ येणार नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्याचा जिना चढलो उतरलो. आता दारात स्वतःची पायरी आहे, संध्याकाळी तिच्यावर बसतो तेव्हा काय वाटतं ते नियमांत सांगता येत नाही. ही सोडून जायची कल्पनाच करवत नाही मला.

सामान सगळं आलं. तिचा पाटा-वरवंटा तेवढा दत्तोपंतांकडे राहिला. “जड आहे, असू दे तिथंच,” म्हणाली. मसाला खलबत्त्यात कुटते.

तुझा,
कृष्णकांत

———

सागर
आषाढ शु. ३

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

सख्ख्या बहिणीला जावक क्रमांक घालणारा भाऊ अख्ख्या मध्यप्रांतात दुसरा नसेल. वसंताला पत्र दाखवलं तर माझा लेक म्हणतो, “आई, उत्तरावर आवक क्रमांक घाल, नाहीतर मामा फाईलला लावणार नाहीत.” घालते हो बाबा. आवक एक.

चिटणीस झालास, आनंद वाटला. लहानपणीही तू गोट्या खेळण्याआधी नियमच सांगत बसायचास, तोवर बाकीची पोरं खेळून घरी गेलेली असायची.

चारू मजेत आहे असं तू लिहितोस. ती काय म्हणते ते कुठे लिहिलंस? आणि पाटा जड म्हणून कोणी बाई मागे ठेवत नाही रे. आई भंडाऱ्याहून नागपूरला आली तेव्हा तिने बैलगाडीत आधी पाटा चढवला आणि मग आपल्याला. चारूचा पाटा महालात आहे तोवर चारू महालातच आहे, हे ध्यानात ठेव. लेक दिल्यापासून घरात तुम्ही दोघंच. तू तुझ्या सूचनांत बुडालेला. तिला बोलायला चार बायका मिळाल्या का, ते कळव.

अजून एक. आईचं विरजण नव्या घरी नीट लागलं का? माझ्याकडचं साथीच्या साली गेलं. घरात पाच माणसं अंथरुणाला खिळलेली, दूध विरजणार कोण? तेव्हापासून सतरा वर्षं दुसऱ्यांचं दही खाते. चांगलं असतं, पण आपलं नसतं. दही काही पोस्टाने येत नाही, नाहीतर केव्हाच मागवलं असतं. आई गेल्यावर चारूने ते एक दिवस खंड न पडू देता चालवलं. आईच्या हातचं तेवढंच उरलं आहे, बाबा.

यमुताई

———

लक्ष्मीविहार वसाहत, नागपूर
१५ सप्टेंबर १९३५
जावक क्र. ४७

ती. ताईस सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. इथे मोठं प्रकरण उद्भवलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी अनंतराव मास्तरांच्या मागच्या अंगणातून पितळेचं घंगाळ आणि दोन लुगडी गेली. भरदुपारी!

तुला आमचा नकाशा समजावा म्हणून लिहितो. अकरा घरांची एक ओळ, तिच्या पाठीला पाठ लावून अकराची दुसरी, आणि मध्ये आठ फूट रुंदीची गल्ली. सगळ्यांची मागची दारं तिच्यात उघडतात. ती सकाळच्या सफाईसाठी ठेवलेली. तिचा दुसरा काही उपयोग नाही. चोर तिथूनच आला असणार. तेव्हा मी ठराव मांडला: गल्लीच्या दोन्ही टोकांना फाटक, प्रत्येक घराच्या मागच्या दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप, आणि सगळ्या कुलपांना चालणारी एकच किल्ली चिटणिसाकडे. सकाळी सहा ते सात सफाईपुरतं मी स्वतः उघडतो. भैयाजी ‘मंजूर’ म्हणाले. बावीस सह्या झाल्या.

देवरावांनी सही केली, पण सभेत उभे राहून म्हणाले, “समदं बराबर हाय चिटणीससाहेब, पन बायकायले इचारलं काय जी?” मी म्हटलं, सभासद पुरुष आहेत, बायकांना विचारायची तरतूद नाही. ते म्हणाले, “तरतूद नाही, मंग दही खासान कशाचं?” आणि खाली बसले. या माणसाचं बोलणं कधी कधी विषय सोडून असतं.

फाटकं लागल्यापासून एक चमचासुद्धा गेलेला नाही. भैयाजींनी माझी पाठ थोपटली.

चारूला मधल्या काळात हिवतापाने धरलं. आठ दिवस अंगात थंडी भरून यायची. मी खाणावळीतून डबा आणला. देवरावांच्या पत्नी गोपिकाबाई एकदा समोरच्या दाराने येऊन पाच मिनिटं बसल्या, नवं लुगडं नेसून. मी समोर होतो म्हणून की काय, दोघी काही बोलल्या नाहीत. आता चारू हिंडती-फिरती आहे. शांत असते. ही जागाच शांत आहे.

कृष्णकांत

———

सागर
आश्विन शु. ५

चि. किसनास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात कुलपाचं दीड पान आणि बायकोच्या तापाच्या चार ओळी. मोजल्या मी.

चारू दर महिन्याला मला दोन ओळी तरी लिहायची. श्रावणात तिचं पत्र होतं, चांगलं लांबलचक. गोपिकाने सांभार, म्हणजे कोथिंबीर, दिला, अनंतराव मास्तरांच्या बायकोने भरलेल्या मिरच्या दिल्या, तिला पुरणाचं कसं शिकवलं, असं सगळं. वाचून मला वाटलं, रुजली पोरगी. त्यानंतर एक अक्षर नाही. हे सगळं देणं-घेणं कुठल्या दाराने होत होतं, तुला माहीत आहे का? मी इथे बसून अंदाज करते आहे, तू तिथे राहून तेवढं तरी पाहा.

दसऱ्याला तिला माझ्याकडून नवं लुगडं घे. रंग तिलाच विचार. ठराव करू नकोस.

यमुताई

———

लक्ष्मीविहार वसाहत, नागपूर
२० नोव्हेंबर १९३५
जावक क्र. ७१

ती. ताईस सा. नमस्कार.

लुगडं घेतलं. रंग विचारला, ‘कुठलाही’ म्हणाली. मी मोरपंखी आणलं. घडी अजून मोडलेली नाही.

चारू लिहीत नाही कारण कामात आहे. दिवाळीच्या आधी तिने माळ्यावरची मोठी ट्रंक खाली काढली आणि झाडूनपुसून तिच्यात कपडे, भांडी नीट रचून ठेवली. टापटीप तिला पहिल्यापासून आवडते. ट्रंक अजून पलंगाजवळच आहे; पुन्हा वर चढवायला माणूस बोलवीन म्हटलं, तर “राहू द्या” म्हणाली.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाजवळ करू? घरात दही नाही. दसऱ्याच्या आधीपासून बर्डीच्या बाजारातून विकतचं येतं, पातळ आणि आंबट. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “लागत नाही.” हवा बदलली असेल.

तुझ्या पत्रावर विचार केला. तू म्हणतेस त्यात तथ्य असेल म्हणून मी आपण होऊन सुधारणा मांडली: बायकांच्या सोयीसाठी मागची दारं रोज संध्याकाळी सात ते आठ उघडी राहतील. त्या वेळी पुरुष मंडळी घरी असतात, म्हणजे चोराचीही भीती नाही. सूचना क्रमांक बारा. घरोघर फिरवली. आणि गंमत ऐक. आठ दिवस मी स्वतः कंदील घेऊन गल्लीत उभा राहिलो. एक बाई बाहेर आली नाही! एकही नाही! बावीस दारं उघडी आणि गल्लीत मी एकटा, थंडीत, मफलर गुंडाळून. गोपिकाबाईंनी दारातून एकदा डोकावून पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

तेव्हा बायकांना गल्ली नकोच होती हे सिद्ध झालं. नवव्या दिवशी सूचना मागे घेतली.

कृष्णकांत

———

सागर
मार्गशीर्ष शु. ४

किसन,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान इकडे कर.

तुझं पत्र वाचून मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. वसंता धावत आला, म्हणाला आईला काय झालं! अरे शहाण्या, तिन्हीसांजेनंतर, देवाजवळ दिवा लागल्यावर, कुठली बाई घरातलं दूध, दही, विरजण बाहेर देते? लक्ष्मी जाते म्हणतात. आईने हे आपल्या डोळ्यांदेखत पाळलं. शेजारीण उंबऱ्यात उभी राहायची आणि आई म्हणायची, “दिवा लागला बाई, आता सकाळी.” आठवतं का काही? की तेही कुठल्या फायलीत बांधून ठेवलंस? थंडीच्या दिवसांत साडेपाचला दिवा लागतो आणि तू सातला दारं उघडतोस! सकाळी सहाला उघडतोस तेव्हा बायका चुलीपाशी आणि गल्लीत झाडलोट. एकवीस घरांच्या बायका दाराआडून तुला पाहून हसल्या असतील. आणि एक हसली नसेल.

आता समजावून सांगते. दुपारचं दूध तापून कोमट झालं की बाई पाहते, विरजण आहे का. नसलं तर वाटी घेऊन मागच्या दाराने शेजारी जाते. डोक्यावर पदर असला-नसला, हाताला पीठ लागलेलं, चालतं. त्या वाटीबरोबर सगळं जातं-येतं. कोणाला दिवस गेले, कोणाची सासू बोलली, कोणाचं दुखतंय. समोरच्या दाराने विरजण मागायला जायचं म्हणजे लुगडं बदला, रस्त्याने जा, ओसरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जा. कोण जाईल? गोपिका गेली तुझ्या घरी, नवं लुगडं नेसून, आणि तुझ्यासमोर गप्प बसली. तूच लिहिलंस आणि तुलाच कळलं नाही.

तापाच्या आठ दिवसांत चारूचं विरजण गेलं. उघडी गल्ली असती तर गोपिकाने येऊन दूध विरजून ठेवलं असतं. आईचं विरजण होतं ते. ते आपल्या हातून गेलं म्हणून ती कोणाशी बोलत नाही, मला लिहीत नाही. आणि ती ट्रंक? झाडपूस नव्हे रे ती! तिने सामान बांधलं आहे.

पाडव्याला चार महिने उरले. ठराव, सभा, सूचना काही नको. तू स्वतः वाटी घे आणि विरजण मागून आण. मग तुला आपोआप कळेल कुठलं दार कशाला असतं.

यमुताई

———

नागपूर
२ जानेवारी १९३६

ताई,

नमस्कार. आज क्रमांक घातला नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. पलंगाजवळच्या ट्रंकेकडे पाहवेना. महिनाभर रोज तिच्यावर माझी टोपी ठेवत होतो, ताई. बायकोने बांधलेल्या सामानावर टोपी ठेवून मी नियम लिहीत होतो.

तरी सवय जाईना. नियम बदलायला सर्वसाधारण सभा, सभेला चौदा दिवसांची सूचना, असा मसुदा लिहायला घेतला. तीन आठवडे त्यात गेले, मग देवरावांचा प्रश्न आठवून लाज वाटू लागली. “दही खासान कशाचं?” तो माणूस विषय सोडून बोलत नव्हता. विषय मीच सोडला होता.

परवा दुपारी चार वाजता मी कोट, टोपी घातली, स्वयंपाकघरातून वाटी घेतली, उपरण्याखाली धरली आणि निघालो. समोरच्या दाराने. देवरावांचं घर मागून दहा पावलं आहे. पण रस्त्याने जायचं तर सबंध ओळीला वळसा पडतो. सगळे आपापल्या ओसरीवर. वाटी लपेना. भैयाजींनी आरामखुर्चीतून हाक मारली, “काय चिटणीस, हातात काय?” मी ओरडून सांगितलं, “विरजण आणायला चाललो!” ते म्हणाले, “मंजूर!”

देवराव अंगणात संत्री निवडत होते. माझ्या हातातली वाटी पाहून त्यांनी टोपली खाली ठेवली. “चिटणीससाहेब, इतल्या लांबून काहून आले जी? मांगून याचं व्हतं.”

“मागून कुलूप आहे,” मी म्हटलं.

“किल्ली कोनापाशी हाय?”

ताई, एकतीस वर्षांच्या नोकरीत मला साहेबांनी असा प्रश्न कधी विचारला नाही.

गोपिकाबाईंना मी म्हटलं, आमच्याकडचं विरजण गेलं, तुमचं थोडं द्या. त्या म्हणाल्या, “आमचं कोनतं जी? हे तं तुमच्याच घरचं हाय. आखाडात बाईनं मले देल्लं व्हतं. माह्या घरून मास्तरच्या घरी गेलं, तिथून पुढं. या लाइनीत समदे हेच खाऊन राहिले. म्या बाईले पोचवाले दोनदा निंगाली, पन दाराले तुमचं कुलूप.” आणि वाटी भरून हातात दिली. वर सायीचा जाड थर. मी तिथेच बोटाने चाखलं. ताई, आपण भंडाऱ्याच्या घरी भातावर घ्यायचो ना, तेच! आईचंच! मला तिथल्या तिथे भरून आलं. देवरावांनी दुसरीकडे पाहिलं आणि मोठमोठ्याने संत्री मोजू लागले.

येताना समोरून आलो नाही. गोपिकाबाई वाटी धरून मागच्या दाराशी थांबल्या, मी टोकाच्या फाटकातून गल्लीत शिरून किल्लीने बाहेरून त्यांचं कुलूप काढलं, वाटी घेतली, मग आमचं काढलं, आणि मागच्या दाराने आपल्या घरात शिरलो. चारू दुधाच्या पातेल्याशी होती. मागच्या दाराने मला पाहून दचकली. वाटी पुढे केली. तिने चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग विचारलं, “जाताना समोरून गेलात? कोट घालून? वाटी घेऊन?” आणि हसायला लागली. पदराने डोळे पुसत हसत होती. चार महिन्यांत हे पहिलं हसू. मी किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली आणि गल्लीतली उरलेली कुलपं काढायला गेलो. ठराव न करता काढली. हा उघड नियमभंग आहे आणि तो मी केला आहे.

चोराचं विचारशील, तर देवराव म्हणाले, “जिथं बायका येऊन-जाऊन राहिल्या, तिथं चोर काहून येईन जी? त्याले काय जिवाची परवा नाही?” मास्तरांचं घंगाळ गेलं त्या दुपारी सगळ्या बायका पोळ्याच्या तयारीत घरात होत्या. गल्ली रिकामी होती, म्हणून गेलं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

एक शंका मनात आहे ती विचारतो. दही देवरावांच्या चुलीपाशी राहून आलेलं. आम्ही दोघांनी खाल्लं. आई असती तर तिने घेतलं असतं का?

ट्रंक अजून तिथेच आहे. टोपी आता खुंटीला लावतो.

किसन

———

सागर
संक्रांत

चि. किसनास आशीर्वाद, सोबत तिळगूळ.

क्रमांक नसलेलं तुझं पहिलं पत्र देवाजवळ ठेवलं.

आई असती तर काय केलं असतं? खरं सांगू? आधी नाक मुरडलं असतं. आईचं सोवळं तुला ठाऊक आहे. मग कोणी पाहत नाही असं बघून चाखलं असतं, आणि म्हणाली असती, “हे माझंच आहे.” दुसऱ्याच्या घरी सहा महिने राहिलं आणि जिवंत राहिलं, आपल्या घरी मेलं. आता मोठेपणा कोणाचा, तूच सांग. गोपिकेला माझा नमस्कार कळव. आशीर्वाद नको, नमस्कारच कळव.

आता पाडव्याचं. तिला एका शब्दाने विचारू नकोस. गोड बोलून वळवू नकोस, घर किती कष्टाने बांधलं ते ऐकवू नकोस. शब्द दिला आहेस तो पाळ. गेली तर मुकाट्याने बरोबर जा.

यमुताई

———

लक्ष्मीविहार, नागपूर
चैत्र शु. ५, शके १८५८

ती. वन्सं यांस चारुलतेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटातली मळकी चिंधी फेकू नका! ती दह्यात बुडवून सावलीत वाळवली आहे. गोपिकाबाईंच्या माहेरी बागेवर राहायला जाताना विरजण असंच नेतात. कोमट दुधात ती रात्रभर ठेवा. पहिल्या दिवशी पातळ लागेल, त्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावा. आम्ही आधी इथे दोनदा करून पाहिलं, लागतं. तुम्ही लिहिलं होतं ना, दही पोस्टाने येत नाही म्हणून? माझ्या हातून सासूबाईंचं गेलं तेव्हा तुम्हाला तोंड कसं दाखवू असं झालं होतं. म्हणून लिहिलं नाही. रागावू नका.

आता पाडव्याचं सांगते, कारण तुमचे बंधू सांगणार नाहीत.

संक्रांतीपासून स्वारीने मला एक अक्षर विचारलं नाही. तुम्हीच बजावलं असणार. मीही बोलले नाही. म्हटलं, नियम करणाऱ्याला वाट पाहायचीही सवय असावी. पाडव्याला सकाळी गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. नऊ वाजता दारात टांगा. बघते तर हे कोट-टोपी घालून तयार, आणि पलंगाजवळची ट्रंक स्वतः ओढत ओढत पायरीवर आणून ठेवलेली. त्या पायरीवर, जिच्यावर रोज संध्याकाळी बसतात. खिशात चिटणीसपदाचा राजीनामा, जावक क्रमांक घालून.

मी विचारलं, “टांगा कशाला?”

काही बोलेनात. शब्द बोलायचा नाही असं कबूल केलं होतं ना, म्हणून बोलेनातच! नुसतं ट्रंकेकडे बोट दाखवलं. चेहरा असा झाला होता वन्सं, की मला माझाच राग आला. गुढीकडे पाहत होते, भिंतीकडे पाहत होते, माझ्याकडे पाहत नव्हते.

मी म्हटलं, “ती उघडा.”

उघडली. आत दोन डांबरगोळ्या. बाकी काही नाही. दिवाळीला भरली होती हे खरं. ज्या दिवशी वाटी घेऊन मागच्या दाराने आले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक एक जिन्नस काढून जागेवर लावत होते. मोरपंखी लुगडं तर संक्रांतीला नेसले, त्यांच्यासमोर हिंडले. रिकामी ट्रंक ओसरीपर्यंत ओढली आणि ती हलकी आहे हेसुद्धा या माणसाला कळलं नाही! खाली बसले पायरीवर. रडले थोडे. हे तुम्हाला सांगितलं ते त्यांना कळवू नका.

राजीनामा मी काढून घेतला. भैयाजींकडे पोचला असता तर ते ‘मंजूर’ म्हणून मोकळे झाले असते. चिटणीस हेच राहू देत. मी एकच केलं आहे. सूचना निघण्याआधी आता मागल्या गल्लीतून फिरते. बावीस घरच्या बायका ती वाचतात, वाचून घेतात, आणि मग ती पुढच्या दाराने सहीला जाते. देवराव म्हणतात, “आता बराबर जमलं, पैले बायकायले इचाराचं, मंग ठराव कराचा.” किल्ली माझ्या कमरेला आहे. तिचा उपयोग काही नाही, कुलपंच नाहीत, पण शोभते.

टांगेवाला तेवढा घोटाळ्यात उभा होता. म्हणे, “बाई, सवारी जाते की नाही?” मी म्हटलं, जाते. साहेबांना घेऊन महालात जा. आणि यांना म्हटलं, दत्तोपंतांना सांगा, खोल्या पाहिजे त्याला द्या. आणि टांगा आलाच आहे तर येताना माझा पाटा घेऊन या.

दुपारी आला. समोर टांगा उभा राहिला, पण पाटा गल्लीने आणला, मागच्या दाराने आत घेतला. गोपिकाबाई, मास्तरीणबाई, सगळ्या जमल्या होत्या. त्याच दिवशी कैरीची चटणी वाटली, दिवा लागायच्या आत घरोघर पोचवली.

पाटा जड आहे हे मी खोटं नव्हते बोलले, वन्सं. देवराव आणि हे, दोघांना मिळून उचलावा लागला. आता तो पुन्हा कोणी हलवायचा नाही, असं मी सांगून टाकलं आहे.

आपली,
चारुलता